श्टाडेच्या धक्क्यावरचा पूर्वपक्ष

रविवार, १ जून. नोएडा

सकाळी अनिकेतचा फोन. तिसऱ्यांदा तोच प्रश्न. जर्मन नागरिकत्वासाठी अर्ज करू का? ते मिळाले की इकडचा पासपोर्ट परत करावा लागतो. आपल्या कायद्यात दोन्ही ठेवता येत नाहीत. 'तुम्ही हो म्हणालात तरच करीन, बाबा.' मी कायदा पुढे केला, मग नात इराची मराठी.

आमच्या घरचा नियम जुना. अ. दहावीत असताना मीच घातलेला. मतभेद झाला की आधी समोरच्याचा पक्ष आपण मांडायचा, आणि तो असा की त्याने स्वतः म्हणावे, 'हो, हेच.' तोवर खंडनाचा अधिकार नाही. कॉलेजात तर्कशास्त्र शिकवण्याचा हा परिणाम. त्याची आई, सुमन, म्हणायची, 'या घरात भाजीसुद्धा पूर्वपक्षाशिवाय चिरली जात नाही.'

त्याचा पक्ष मी दोनदा मांडून पाहिला. प्रथम, सोय. नंतर, इराचे शिक्षण. दोन्ही वेळा उत्तर: 'नाही, बाबा.' आज वर ऐकवले, 'तुम्ही न पाहता मांडताय. प्रत्यक्ष हे पहिलं प्रमाण, असं कोण म्हणायचं?'

येत्या शनिवारचे तिकीट त्याने आधीच काढले होते.

गुरुवार, ५ जून

समोरच्या फ्लॅटमधले खन्ना किल्ली घ्यायला आले. कुंड्यांना पाणी घालतील. सगळे ऐकून म्हणाले, 'प्रोफेसर साब, लडका इजाजत माँग रहा है और आप वकील की तरह जिरह कर रहे हो! मेरे वाले ने तो पासपोर्ट बनवाके फोटो भेज दी थी.'

विनोद म्हणून बरा. युक्तिवाद म्हणून नाही.

मंगळवार, १० जून. श्टाडे

हँबुर्गहून लोकलने तासाभराचे अंतर. अ. राहतो ते गाव लहान. जुने बंदर त्याहून लहान: विटांच्या भिंतींमध्ये धरलेले पाणी, भोवती लाकडी चौकटींची घरे, काही पुढे झुकलेली, शेजाऱ्याचे बोलणे ऐकत असल्यासारखी. एके काळी इथे व्यापारी जहाजे लागत. पुढे स्वीडनचे राज्य आले. त्यांनी बांधलेले धान्याचे कोठार अजून उभे आहे, आत संग्रहालय. ज्यांनी जिंकले त्यांची इमारतही यांनी नीट राखली आहे. ही न्यायबुद्धी मला आवडली.

धक्क्यावर लाकडी यारी, जुन्या तऱ्हेची क्रेन. तिच्या पोटात मोठे चाक. माणसे त्यात चालत आणि त्या जोरावर माल उचलला जाई. मी अ.ला म्हटले, 'पाहा. ही शतकानुशतके जागची हललेली नाही, म्हणून ती इथली. इथलेपणाचा हेतू, म्हणजे कारण, स्थैर्य. तू नोकरीच्या एकोणीस वर्षांत पुणे, मानेसर, हँबुर्ग आणि श्टाडे केलेस.'

इरा (वय आठ) पाटी वाचत होती. 'आजोबा, ही जुनी नाहीये. जुनी मोडली होती. ही तशीच परत बनवलीये. बाबाच्या जन्माच्या थोडं आधी.'

केतकी, म्हणजे सून, तोंडावर रुमाल धरून, 'बाबा, हेतू गेला.'

गेलाच. पाटी जर्मनमध्ये होती ही सबब होऊ शकत नाही; न वाचलेल्या पाटीवर मी अनुमान उभे केले. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला याबद्दल उभे केले असते. नोंद यासाठी की विसरू नये.

यारी मात्र सुंदर आहे. तिचे वय कळल्यावरही.

गुरुवार, १२ जून

एकटा फिरलो. घरांच्या तुळयांवर कोरीव अक्षरे: बांधणाऱ्याचे नाव, शेजारी तितक्याच ठसठशीत अक्षरात त्याच्या बायकोचे, खाली एखादे देवाचे वचन. फोटो पाठवून इराकडून फोनवर वाचून घेतली.

एका घराचे काम चालू. सुताराने तुळईचा कुजलेला भागच कापून काढला होता आणि नवे लाकूड सांध्यात बसवले होते. नव्याला जुन्याचा रंग दिलेला नाही. सांधा रस्त्यावरून दिसतो. किती गेले आणि किती घातले, कोणीही मोजावे. आमच्या सोसायटीत गळक्या भिंतीला रंग फासून तिसरा पावसाळा काढण्याची तयारी आहे. मी तिथे वीस मिनिटे उभा. सुताराने शेवटी बसायला स्टूल दिले.

बेकरीत बाईंनी माझा उच्चार तीनदा दुरुस्त केला, मगच पाव दिला. अपमान वाटला नाही. शिकवणाऱ्याला शिकवणारा ओळखू येतो.

रात्रीचे नऊ, आणि बाहेर ऊन. सुमनला दाखवायला हवे होते.

शनिवार, १४ जून

आज महत्त्वाचे.

बंदरात एक जुने मालवाहू जहाज आहे. गावातली माणसे दर शनिवारी जमून ते राखतात: गंज खरवडणे, डांबर, दोर. अ. तीन वर्षे जातो, हे मला आजच कळले. ('विचारलं नाहीत, बाबा.') मला धक्क्यावर बाकावर बसवले, कॉफी दिली.

तासाभराने आरडाओरड. अ. आणि माझ्याच वयाचे एक गृहस्थ, दोघांच्या हातांत ब्रश, दोघे लाल. भाषा कळत नव्हती, रचना कळत होती: दावा, नकार, दाखला, पुन्हा नकार. म्हातारा त्याच्या छातीकडे ब्रश रोखून बोलत होता. मी उठलो. केतकीने हात धरला. 'बसा हो. डांबर आधी की रंग आधी, एवढंच आहे. दर आठवड्याला असतं.'

मग मतदान झाले. सात हात वर. अ. हरला. म्हाताऱ्याने त्याच्या पाठीत थाप मारली आणि डांबराचा डबा त्याच्याच हातात दिला.

पाहुण्याशी कोणी असे भांडत नाही. पाहुण्याला 'अच्छा, अच्छा' म्हणतात आणि आपले तेच करतात. दिल्लीत आलो तेव्हा पहिली पाच वर्षे स्टाफरूममध्ये सर्वांनी माझ्याशी फार आदराने वागून काढली. सहाव्या वर्षी हिंदी विभागाचे एक सहकारी माझ्यावर ओरडले. त्या दिवशी घरी येऊन सुमनला सांगितले होते, आता आपण इथले.

हे मी अ.ला कधी सांगितले नव्हते.

सोमवार, १६ जून

संध्याकाळी धक्क्यावर दोघेच. तिसऱ्यांदा पूर्वपक्ष मांडला, शब्द असे: 'सोय तुला आहेच, ती पासपोर्टावाचूनही होती. जहाजावर तुझा हात मोजला जातो. गावाच्या निवडणुकीत मोजला जात नाही. या गावावर तुझी तक्रार आहे, ती तुला पाहुणा म्हणून नाही, मतदार म्हणून करायची आहे. तुला इथे हरायचाही हक्क हवा आहे.'



'हो,' तो म्हणाला. 'हेच.'

पक्ष निर्दोष आहे, हे मला मांडतानाच दिसत होते. आता नियमाप्रमाणे त्याची पाळी: माझा पक्ष त्याने मांडायचा. त्याने मुदत मागितली. दिली.

गुरुवार, १९ जून

निघालो. इराने त्या यारीचे चित्र दिले. चाकात चालणारा माणूस मी आहे, चष्म्यासकट. 'आजोबा, तुम्ही चालत राहायचं, नाहीतर माल पडेल.' बेकरीतल्या बाईंचा निरोप घेतला. त्यांनी उच्चार एकदाच दुरुस्त केला.

रविवार, २२ जून. नोएडा

बेचाळीस अंश. खन्नांनी कुंड्या जगवल्या. मोगरा सोडून, त्याबद्दल दोनदा क्षमा.

अकरा वाजता फोन. अ. म्हणाला, 'मांडतो. तुमचा आक्षेप कायद्याला नाही, इराच्या भाषेलाही नाही. त्या तुम्ही पुढे केलेल्या ढाली. आई गेल्यापासून तुम्ही मनात एक धरून चाललाय, की मी कधीतरी परत येईन. मी तसं कधी म्हटलं नाही, तुम्ही कधी विचारलं नाही. अर्ज केला की ते धरून चालणं संपतं. बरोबर, बाबा?'

त्यात एक शब्द जास्त नव्हता, एक कमी नव्हता. विद्यार्थी म्हणून पूर्ण गुण.

मी म्हणालो, 'नाही. असे नाही. पुन्हा मांड.'

इतक्या वर्षांत या नियमाखाली मी पहिल्यांदा खोटे बोललो, आणि त्याला ते कळले असावे असे त्याच्या आवाजावरून अनुमान आहे, खात्री नाही.

'ठीक आहे,' तो म्हणाला. 'पुढच्या रविवारी परत मांडतो. तोवर अर्ज पाठवत नाही.'