बाई वाचतील तोवर

४ जानेवारी
पोचले एकदाची! कॉलेजच्या आवारातच खोली मिळाली. लोखंडी पलंग, कुरकुरणारी खुर्ची, शेजारीच वाचनालय. त्याच्या मागच्या भिंतीत ना कडी ना कुलूप असं एक दार आहे. ग्रंथपाल म्हणाले, ते उघडतच नाही, नादी लागू नका. मी कशाला लागतेय! प्राचीन भाषा शिकायला माझ्या वर्गात उणीपुरी सहा पोरं. म्हणजे चैनच की.

सोबत माझी जुनी कादंबरी आणलीय. धाकटी बहीण म्हणाली, ताई, तेच तेच काय वाचतेस? तिला काय कळतंय.

९ जानेवारी
मी कॉलेजात शिकत असताना या कादंबरीचा एका बैठकीत फडशा पाडला होता. मंतरलेलं विद्यापीठ, काळे झगे, बंद दार आणि त्या दारापायी आपल्याच बाईंचा गळा चिरणारे विद्यार्थी. तेव्हा मी विद्यार्थ्यांच्या बाजूची. बाई म्हणजे नुसती कटकट वाटायच्या.

आता बाईंच्या वयाची झाले आणि पानापानावर अडतेय. काय खुबीने लिहिलंय! दारावर ओळ कोरलीय : 'बाई वाचतील तोवर दार बंद.' पोरं समजतात, बाई जिवंत राहतील तोवर. पण बाई रोज दाराशी बसून मोठ्याने पुस्तक वाचतात, हे पहिल्याच प्रकरणात आहे! पुस्तक मिटा म्हणाले असते तरी भागलं असतं. एका क्रियापदापायी बाई जिवानिशी गेल्या. मी अक्षरशः रडले. तेव्हा हे डोळ्यांदेखत निसटलं होतं.

१३ जानेवारी
राहवलं नाही, वर्गात सगळं सांगितलं. वर गंमत म्हणून बोलून गेले, आपल्या वाचनालयातल्या दारासारखंच दार बरं का! पोरं गुंग. पहिल्या बाकावरच्या मुलीला मी शहाणी म्हणते. तिने विचारलं, दोन्ही अर्थ बरोबर असू शकतात का? मी म्हटलं, व्याकरणाला काहीच हरकत नाही. शाबासकीसुद्धा दिली. कादंबरी तीच घेऊन गेली.

१७ जानेवारी
ग्रंथपाल जिन्यावरून पडले. जबडा फुटला, दात पायऱ्यांवर. दाराला पहार लावणाऱ्या पोरांना ते हटकत होते, एवढं मी ऐकलं होतं. पोरं म्हणतात, पाय घसरला. त्यांच्यातला सगळ्यात उंच, त्याला मी लंबू म्हणते, त्याच्या बाहीवर रक्त होतं. मला बघून तो हसला.

१९ जानेवारी
पोरांनी वाचनालयात कोंडलंय मला. फोन काढून घेतला. चष्मा टाचेखाली चिरडला, उचलायला वाकले तर डाव्या हाताच्या बोटांवर पाय दिला. दोन मोडली. शहाणी अगदी अदबीने म्हणाली, बाई, आता वाचायचं नाही. वही मात्र राहू दिली. लिहिणं म्हणजे वाचणं नव्हे, म्हणे. माझ्याकडूनच शिकली मेली.

२० जानेवारी
दार उघडलं नाही. तुम्ही मनात वाचताय म्हणून लंबूने थोबाड फोडलं. डोळे बांधले. अंदाजाने लिहितेय —
ती गोष्ट आहे रे, गोष्ट! पाया पडले. कुणी ऐकेना —

२१ जानेवारी
पहिला अर्थ, पुस्तक वाचण्याचा, फसला म्हणतात. मग दुसरा.
मीच सांगितलं ना, दोन्ही —

दारामागे काहीतरी आहे. नखं — ओलं, घुसमटलेलं हुंगणं — पोरांना वाटतं तो आनंदाचा आवाज —

आता कळलं. कादंबरीतल्या बाई गळ्यावर सुरी असतानाही का वाचत राहिल्या. पोरांसाठी गं. ते बाहेर आलं तर आधी पोरांनाच —

कादंबरी तोंडपाठ आहे मला. हो, मनात वाचतेय. म्हणून दार बंद —

शहाणे, बाळा, सुरी ठेव. माझ्यासाठी नाही गं, तुमच्या —

गळ्याशी गार लागलं —

अजून बंद आहे. अजून मी वाच