सॅकमध्ये साडी बसत नाही

निपाणी,
मंगळवार, दुपार

प्रिय आक्का,

तू फोन सोडलास, तेव्हा पत्र लिहिण्यावाचून गत्यंतर नाही. आप्पाण्णामामा गुरुवारी माताजींच्या संघाच्या दर्शनाला येतायत, त्यांच्याच हाती देईन. रविवारी तुझी दीक्षा. त्याआधी घरच्या माणसानं समाजासमोर उभं राहून संमती द्यायची, आणि आई-आप्पांच्या मागं तुझ्या घरचं माणूस म्हणजे मी एकटी. तुझा निरोप येऊन महिना झाला, मी काहीच कळवलं नाही. काल मामा मुद्दाम येऊन बसले. चहा निवून गेला, मग म्हणाले, "त्रिशला, तू व्हय म्हटल्याबिगर माताजी तिच्या हातात पिच्छी देणार न्हाईत. तिला ताटकळत ठेवू नगंस गं." मी त्यांचा कप विसळायला उचलला. तो अजून भरलेलाच होता.

मला राग आलाय असं समजू नकोस. राग आला असता तर बरं झालं असतं, निदान भांडले तरी असते. मला काहीच वाटत नाही, आक्का. दात काढायच्या आधी इंजेक्शन दिल्यावर गाल होतो ना, तसं झालंय सगळं. हात लावला की कळतं इथं काहीतरी आहे, पण ते आपलं वाटत नाही. शाळेतली नोकरी सोडली त्या दिवशी नववीच्या मुली रडल्या. मी त्यांना गप्प केलं, कपाटाची किल्ली ऑफिसात दिली आणि येताना कोथिंबीर घेऊन आले. आईच्या वेळीही डोळ्यांतून पाणी आलं नाही, ते तू पाहिलंच आहेस. बायका म्हणाल्या, खंबीर आहे पोरगी.

आता माझ्या प्रवासाचं सांगते, कारण दिवसभर तेच चाललंय. आईची खाट काढली तिथं मोठं रिकामं पडलंय, तिथंच सतरंजीवर सगळं मांडून बसलेय. सॅक कोल्हापुरातून आणली. दुकानातला मुलगा भारी समजुतीनं सांगत होता, मॅडम, आठ महिने फिरायचं असलं तरी सात किलोच्या वर जाऊ नका, लेडीजना पाठीला त्रास होतो. चार वर्षं आईला कुशीवर वळवणाऱ्या बाईला तो हे सांगत होता. मी मान डोलावली आणि त्याच्याकडून पावसाचं कव्हरही घेतलं.

पहिल्या दिवशी भरलेली सॅक उचलली तर मीच मागं कलंडले. मग उपसायला सुरुवात केली. चार पँटींच्या दोन झाल्या, सहा कुडत्यांचे तीन. जीन्स काढली, ती वाळत नाही. मोठा टॉवेल काढून आप्पांचा पंचा घेतला. शाम्पू काढून साबणाची अर्धी वडी. पाळीसाठी रबरी कप घेतलाय, हसू नकोस. चाळिशी उलटली तरी पाळी काही माझी पाठ सोडत नाही, आणि आठ महिन्यांचे पॅड भरले तर सॅकमध्ये दुसरं काही मावायचं नाही. दुकानातून आल्यावर तो हातात घेऊन बसले होते, तेव्हा तुझी आठवण झाली. पहिल्या खेपेला मला बाहेर बसवलं होतं, आणि तू आईची नजर चुकवून परसात येऊन कापडाची घडी कशी घालायची ते शिकवलं होतंस. शिवलीस म्हणून तुला पुन्हा अंघोळ करावी लागली होती, तीही थंड पाण्यानं.

एक पातळ चादर, एक स्वेटर, टॉर्च, शिट्टी, सुईदोरा. पाणी गाळायचं फडकं घेतलंय. देवळात मी जात नाही आणि रात्रीचं जेवते म्हणून तू नेहमी बोलायचीस, पण न गाळलेलं पाणी अजूनही माझ्या घशाखाली उतरत नाही. स्लीपिंग बॅगनं मात्र अर्धी सॅक अडवली होती. तिच्यासकट काल सकाळी बरोब्बर सात किलो भरलं, किराणावाल्याचा काटा आणून लटकवून बघितलं. म्हटलं, आक्काला कळवावं. मग लक्षात आलं की तुझ्याजवळ मोरपिसांची पिच्छी, कमंडलू आणि दोन पांढऱ्या साड्या, एवढंच असणार. त्यातही तू माझ्यावर कडी केलीस.

खरं तर दोघीही घरच सोडतोय. पण मागच्या महिन्यात दीक्षेआधीच्या मिरवणुकीला तुला गावात आणलं तेव्हा काय थाट होता. रथ, बँड, हातांवर मेंदी, अंगावर शालू. गल्लीतली प्रत्येक बाई तुझी ओटी भरायला आडवी येत होती. मी गच्चीवरून बघत होते, तू दोनदा वर पाहिलंस, मला दिसलं. आणि मी जाते म्हटल्यावर त्याच बायकांनी विचारलं, एकटीच? बरोबर कोण? परत कधी? तू परत येणार नाहीस म्हणून तुझ्या पाया पडतात, आणि मी परत येणार तरी माझ्याकडे संशयानं बघतात. फक्त आईचं करायला यायची त्या गुणाबाईनं काही विचारलं नाही. तिनं सॅक उचलून बघितली, म्हणाली, "ताई, आईसाहेबांपरास हलकी हाय." आणि रडायला लागली. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत बसले, दुसऱ्या कुणाच्या घरी आल्यासारखी.

तू तुझं सगळं वाटलंस. पुस्तकं वाचनालयाला, भांडी गुणाबाईला, घड्याळ मला. कपाट इतकं रिकामं केलंस की दार उघडलं की आवाज घुमतो. वरच्या फळीवर कागदात गुंडाळलेली आईची ती तपकिरी शहापुरी साडी तेवढी राहिली होती. मला वाटलं, द्यायची विसरलीस. गुणाबाईला देऊन टाकावी असं मनात होतं.

आता एक सांगते. माझं तिकीट शनिवारचं होतं. बेळगावहून लोंढा, तिथून गाडी बदलून होस्पेट, मग दक्षिणेला उतरून पूर्वेकडून वर. तारखेचा घोळ झाला असं मी मामांना सांगितलं. तू त्यावर विश्वास ठेवू नकोस. मला तिथं यायचंच नव्हतं. आईला चादरीत धरून उचलताना चादरीची दोन टोकं तुझ्या हातात असायची, दोन माझ्या. आई गेली, आणि तू तुझी टोकं सोडून निघालीस. मी अजून माझी धरून उभी आहे, आक्का, आणि समाजासमोर उभं राहून तुला खुशाल जा म्हणायचंय. रविवारनंतर तुला आक्का म्हणायचं नाही, माताजी म्हणून वंदन करायचं. तू मला आशीर्वाद देशील, जेवलीस का असं विचारणार नाहीस. हे मला कळतं, पण कळून आत काही हलत नाही. म्हणून वाटलं, गाडीत बसून होस्पेटला गेलेलं बरं.

काल मामा उठले, चपला घातल्या आणि उंबऱ्यातून मागं वळले. सतरंजीवरच्या पसाऱ्याकडं बघून म्हणाले, "केशलोचाला केस आईच्या पदरात घ्यायचे असत्यात. आई न्हाय, म्हंजे तू. साडी नेसून ये." ते गेल्यावर मी वरच्या फळीवरची पुडी काढली. कागद जुना नव्हता, तुझ्याच हातानं नव्यानं गुंडाळलेला होता. आत साडीला फॉल लावून घेतलेला, आणि घडीत ब्लाऊज ठेवलेला, माझ्या मापाचा. तू काही विसरली नव्हतीस. साडी सॅकमध्ये बसेना. मग स्लीपिंग बॅग काढून गुणाबाईला दिली, तर बसली. शनिवारचं तिकीट रद्द केलंय, सोमवारचं मिळालंय. मी रविवारी येते. माझी संमती आहे. तिथं तोंडातून शब्द फुटला नाही तर मामांनी हे पत्र वाचून दाखवावं, एवढ्यासाठी लिहिलंय, पण वाचायचं ते इथून खालचं एकच वाक्य: राजमतीला जाऊ द्या. केस मी पदरात घेईन, मामा ते वेदगंगेत सोडतील, आणि तीच साडी झटकून सोमवारपासून मी पांघरायला घेईन. रडू येईल की नाही ते सांगता येत नाही. तू मात्र केस उपटताना माझ्याकडे बघू नकोस. आणि हे शेवटचंच विचारते, जेवलीस का?

आणखी पाच दिवस तुझीच,
त्रिशला