खालील उतारे वाचून उत्तरे द्या

ता. ९, सोमवार

चि. टिल्लू यास आजीचे अनेक आशीर्वाद.

इकडे आम्ही दोघी सुखरूप आहोत. तुझी खुशाली फोनवरून कळत असतेच. तू कामात व्यग्र असतोस, त्यामुळे फोन लवकर ठेवावा लागतो, हे आम्ही समजू शकतो. प्रकृतीस जपावे.

माझी तब्येत उत्तम आहे. गुडघा अधूनमधून भांडतो, पण मीही त्याला सोडत नाही. चि. सौ. नातसून माझे सगळे नीट करते आणि चष्म्याच्या दुकानातले अर्ध्या दिवसाचे कामही सांभाळते. तिचा इंग्रजीचा अभ्यास चांगला चालू आहे. रोज सकाळी ती एक उतारा वाचते व त्याखालचे प्रश्न सोडवते. परीक्षा येत्या रविवारी आहे. ही तिसरी खेप असली तरी तिला कंटाळा नाही. तू सांगितल्याप्रमाणे वाचनाचे गुण वाढवण्याचा तिचा प्रयत्न आहे. तुझ्या सांगण्यात तिचे भलेच आहे, याची आम्हाला खात्री वाटते.

तिच्या तिकडे येण्याचे तू योग्य वेळी ठरवशीलच. घाई नाही.

थंडीत गरम कपडे घालत जा.

तुझी,
आजी


ता. १०, मंगळवार
शिवणाच्या दुकानातून

टिल्लू,

आशीर्वाद शेवटी. आधी काम.

वरचं पत्र वाचलंस? छान आहे, नाही? मलाही फार आवडलं. कोण ती सोज्वळ बाई, एकदा भेटायला हवं तिला. बाबा रे, त्या पत्रात माझं म्हणावं असं एकच वाक्य आहे, गुडघ्याचं. बाकी सगळं तुझ्या बायकोचं.

काल दुपारी मी तिला समोर बसवलं आणि तासभर तुला झाडलं. ती मान खाली घालून भराभरा लिहीत होती. मला वाटलं, वा, काय हात चालतोय पोरीचा! संपल्यावर म्हटलं, "वाचून दाखव." तर तिनं वाचूनही दाखवलं. माझी वाक्यं, माझ्याच ठसक्यात, तुला दिलेल्या शिव्यांसकट. डोळे कागदावर, कागदावर भलतंच, आणि तोंडातून मी! अशी अख्खी आजी पाठ करून म्हणणाऱ्या मुलीला तू म्हणतोस, तिचं वाचन कच्चं आहे.

आज पाकीट घेऊन खाली शिवणवालीकडे आले. म्हटलं, बाई, टाकण्याआधी एकदा वाच, माझी मीच ऐकते, जिवाला तेवढंच बरं वाटेल. गळ्यात टेप, तोंडात टाचण्या, अशी तिनं सुरुवात केली. "प्रकृतीस जपावे" आलं तेव्हा मी म्हटलं, "थांब, दुसऱ्या कुणाचं पत्र उघडलंस तू." ती म्हणाली, "आजी, सही तुमचीच आहे." माझी सही! जिला आयुष्यात अंगठ्यापलीकडे काही उमटवता आलं नाही, तिची सही.

तर आता हे शिवणवाली लिहिते आहे. तिला बजावलंय, बाई, ब्लाउज नाही शिवायचा, मापात बसवू नकोस, बोलेन तसं उतरव. ती म्हणते, "तुम्ही खोकलात तेही लिहिलंय." असू दे. खरा आहे तो खोकला.

आता काल मी काय सांगितलं होतं ते ऐक.

फोनचं मी असं म्हणाले होते: माझा आवाज ऐकला की तुला मीटिंग होते, जशी लोकांना धुळीनं शिंक होते. म्हणून पत्र. पत्र मध्येच ठेवता येत नाही. ठेवलंस तरी टेबलावर पडून तुझ्याकडे बघत बसेल.

"कंटाळा नाही," म्हणे. अरे, पहिल्या खेपेला तिकडच्या व्हिसाच्या कचेरीला जेवढे गुण हवे होते त्याहून जास्त पडले तिला. तिनं दुकानात पेढे वाटले, मला दोनदा दिले. तू म्हणालास, कचेरीचं सोड, वाचनात कमी आहेस, इथे लोक हसतील. दुसऱ्या खेपेला वाचन वाढलं. तू म्हणालास, अजून थोडं. माणूस शिडी चढत असताना वरून आणखी शिडी जोडत बसणारा मी पहिल्यांदा पाहिला, आणि तो निघाला माझाच नातू. तुला मी बोट धरून चालायला शिकवलं, तेव्हा तू पडलास की म्हणत होते का, "आणखी थोडं लांबून चाल, मग उचलते"?

सकाळी आमचं कसं चालतं ते तुला ठाऊक नाही. कारण तू विचारलेलं नाहीस. चहा झाला की ती स्वयंपाकघरातल्या टेबलावर पुस्तक उघडते. आधी इंग्रजीत वाचते, मग मला आपल्या भाषेत सांगते, मग प्रश्न. मी पण उत्तरं देते. बर्फाच्या डोंगरांच्या उताऱ्यात मी सपशेल नापास झाले. मधमाश्यांचा आला तेव्हा मी इतकं बोलले, की पोरीला दुकानात जायला उशीर झाला आणि उत्तरं सगळी चुकली. त्यात एक प्रकार मला भारी आवडला. खाली एक वाक्य देतात आणि विचारतात: हे उताऱ्यात खरं आहे, खोटं आहे, की सांगितलेलंच नाही? काय डोकं आहे! घराघरात हा प्रश्न ठेवायला हवा.

एकदा एक उतारा आला. हॉटेलात उतरलेल्या एका बाईनं तक्रार केलेली, की खोलीत गरम पाणी नाही, छत गळतं. मालकाचं उत्तर: आपलं म्हणणं आमच्यासाठी फार मोलाचं आहे, योग्य वेळी त्याचा विचार होईल. खाली प्रश्न, मालक काय करणार? पैसे परत देणार, छत दुरुस्त करणार, नोकराला रागावणार, की काहीच करणार नाही? तुझ्या बायकोनं काय खूण केली असेल? छत दुरुस्त करणार! मी विचारलं, "पोरी, हे कुठं लिहिलंय त्यानं?" ती म्हणाली, "लिहिलं नाही, पण आजी, एवढं गोड लिहितोय, करेलच ना." पुस्तकाच्या मागे उत्तर होतं, काहीच करणार नाही.

तिथं मला कळलं, हिचे गुण कुठं जातात ते. हिला इंग्रजी येतं रे. लिहिणारा जेवढा चांगला नाही तेवढा ही त्याला करून टाकते. परीक्षेतल्या मालकाला करते, मला करते, बघ की वरचं पत्र. आणि तुलाही करते. तुझा फोन दोन वाक्यांत संपला की म्हणते, "थकले असतील." वाढदिवस विसरलास, "तिकडे तारीख वेगळी असते ना." तारीख वेगळी असते! एवढी कुठली तारीख वेगळी असते, आठवडाभर?

मागच्या महिन्यातल्या त्या फोनचं सांगायचं होतं… राहू दे. आमच्या जिन्यातला दिवा पुन्हा गेलाय. वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूंना जुळं झालं, दोघंही माझ्यासारखी, रडतात कमी आणि ओरडतात जास्त. चष्म्याच्या दुकानात माझे डोळे तपासले. अक्षर येत नाही म्हटल्यावर तुझ्या बायकोनं मला तो दुसरा तक्ता लावला, ज्यात तीन दातांचे फणे इकडे-तिकडे वळलेले असतात. फणा कुठं वळलाय तेवढं हातानं दाखवायचं. खालच्या ओळीपर्यंत दाखवलं मी. लांबचं मला स्वच्छ दिसतं.

शिवणवालीनं कागदावरून मान वर केली. म्हणते, "आजी, ते फोनचं राहिलं."

लिही, बाई. घाण बाहेर पडल्याशिवाय गळू बसत नाही.

त्या दिवशी तुझी बायको ओट्याशी काम करत होती, हात ओले, म्हणून फोन मोठ्या आवाजावर ठेवला होता. मी पलीकडच्या खोलीत पडले होते. तुला वाटलं, म्हातारी झोपली. म्हातारी झोपत नसते, टिल्लू, म्हातारी फक्त डोळे मिटते. तू म्हणालास, "आजी आहे तोवर तू तिथेच असलेली बरी. परीक्षेचं चालू ठेव, म्हणजे कुणी काही विचारणार नाही."

आणि ती म्हणाली, "बरं."

मग हात पुसून बाहेर आली, माझ्या पायांवर पांघरूण नीट केलं आणि म्हणाली, "आजी, त्यांना तुमची किती काळजी आहे!"

काळजी! अरे, काळजी असती तर मला विचारलं असतंस, आजी, तुझं कसं करू या? एकदा तरी? मी काय तुझ्या दाराला लावलेलं कुलूप आहे? मी श्वास घेते आहे तोवर ह्या पोरीनं मधमाश्या आणि बर्फाचे डोंगर वाचत बसायचं, आणि मी गेले की एकाएकी तिचं इंग्रजी सुधारणार! म्हणजे माझ्या तेराव्यालाच निकाल लावणार होतास की काय? दर सकाळी ती पान उलटते तेव्हा मला वाटतं, ही माझ्याच मरणाची वाट बघत अभ्यास करते आहे आणि बिचारीला ते माहीतसुद्धा नाही. तू तिला पगाराविना माझी आया केलीस आणि मला तुझी सबब. दोघींना फुकटात वापरलंस. तुझ्या आजोबांनी आयुष्यभर माझ्याशी वाद घातला, पण ह्या कानाचं त्या कानाला कळू न देता मला असं कुणी वापरलं नव्हतं.

तर ऐक, सबब संपली. तुझ्या आत्याशी काल बोलले. पुढच्या महिन्यापासून मी तिच्याकडे. तिची खोली लहान आहे, तिची जीभ मोठी आहे, आणि ती रेडिओ चालू ठेवून झोपते. मला तिथं आवडेल का, हा प्रश्न पेपरात नाही.

इथं पत्र थांबलं होतं. तुझी बायको दुकानातून परतली, घरात मी नाही, म्हणून घाबरीघुबरी इथं आली. टेबलावर तिनं तिचंच पत्र उघडं पाहिलं, तशी रंग उडाला पोरीचा. "आजी, रागावलात?" मी म्हटलं, "रागावले तर आहेच, पण तू बस. हे वाच. मनात नको, मोठ्यानं वाच, आणि ह्या वेळी कागदावर आहे तेच."

तिनं वाचलं. फणे आणि जुळं आलं तिथं हसली. "त्या दिवशी" आलं, तसा आवाज बारीक झाला. संपल्यावर नुसती पानं नीट करत बसली. शिवणवालीनं मशीन थांबवलं होतं.

मी विचारलं, "आता उत्तर दे. फोनवर बोलणाऱ्याचा हेतू काय? आजीची काळजी, बायकोचं शिक्षण, पैशांची अडचण, की टाळाटाळ?"

ती म्हणाली, "त्यांना तिकडे एकट्यानं…"

"उताऱ्यात आहे का ते?"

तिनं ते पान पुन्हा वर काढून वाचलं. मग म्हणाली, "नाही. टाळाटाळ."

टिल्लू, एवढ्या सकाळींत असल्या प्रश्नाला पहिल्यांदा तिचं उत्तर बरोबर आलं, आणि मला मेलीला जराही आनंद झाला नाही.

तर ही दोन्ही पत्रं एकाच पाकिटात घालते आहे. तुला वाचायला येतं, तुझं सगळं शिक्षण त्यावरच झालंय. दोन्ही उतारे नीट वाच आणि सांग. पहिला उतारा लिहिणारी बाई तुझ्याबद्दल जे म्हणते, त्यातलं किती खरं आहे? तुझी बायको तुला तिकडे हवी आहे, हे वाक्य खरं, खोटं, की सांगितलेलं नाही? पर्याय मी दिलेत, "मीटिंग" हा त्यात नाही. उत्तर हवं तर मला लिहू नकोस. तिला लिही. ती वाचून मला सांगेल, आणि आता ती जे असेल तेच सांगेल.

आशीर्वाद शेवटी म्हटलं होतं ना? ते बाजूला काढून ठेवलेत, वाया गेलेले नाहीत. उत्तर आलं की पाठवीन.

खालचा अंगठा माझा. शिवणवालीकडे शाई नव्हती, कापडावर खूण करायची निळी खडू-भुकटी होती, तीच ओली करून लावली आहे. पुसून टाकायला जाऊ नकोस, पसरेल.

आजी


ता. क.

हे मी लिहिते आहे.

पहिलं पत्र माझं होतं. दुसऱ्यातला एकही शब्द मी बदललेला नाही.

रविवारी मी परीक्षेला जाणार नाही. पहिल्या खेपेचे गुण पुरेसे होते. तुमची सही लागते तो कचेरीचा कागद सोबत ठेवला आहे. सही करायची नसेल, तर तेवढंच लिहा, कारण लिहू नका.

मला आता वाचता येतं.