भुऱ्याची आणि गोजरबाईची गोळी

राजूर, डिसेंबर १९७३

सहादेवराव पाहुण्यांना गोरक्षचा राम राम.

तुमची बहीण गोजरबाई बरी झाली. दुखणं मी ओळखलं. घड्याळदुरुस्ती शिकलो तसंच, नुसतं नीट बघून.

आमचा भुऱ्या कुत्रा खाणं कमी असूनही फुगत चालला होता. शेपटीचे केस झडले, उन्हातही चुलीपाशी पडून राहायचा. संगमनेरच्या जनावरांच्या डॉक्टरांनी थायरॉईड मंदावल्याचं सांगितलं. ते एकेक लक्षण सांगत गेले आणि माझ्या डोळ्यांपुढं गोजरबाई उभी राहिली. तीच सूज, तेच केस झडणं, चैत्रातही अंगावर घोंगडी. आपण सगळे वय झालं म्हणत होतो. लगेच तिला माणसांच्या डॉक्टरांकडं नेलं. तेच निघालं.

आता सकाळी दोघांना गोळी, भुऱ्याला भाकरीच्या घासात, तिला चहाआधी. भुऱ्या सशामागं डोंगर चढतो. ही काल खळ्यात भात झोडायला उभी राहिली आणि मला म्हणाली, "सरका, तुमच्यानं न्हाई व्हायचं."

पण तिनं बजावलंय, "कुत्र्यावरनं माझं दुखनं कळलं हे माहेरी लिवलं, तर माझी गोळीबी भुऱ्यालाच घाला."

म्हणून हे पत्र पेटीत पडणार नाही. जत्रेला याल तेव्हा ती सांगेल, देवीनं बरं केलं. मी मान हलवीन. भुऱ्या शेपटी हलवील, तिच्यावर आता दाट केस आलेत.

तुमचा दाजी,
गोरक्ष