दाढीचा आरसा आणि स्पर्शिका

प्रिय दादा,

तुझ्या तेरवीला आठवडा झाला. सांत्वनपत्रांना उत्तरे लिहून झाली. तुला मात्र तक्रार लिहितो आहे. काल केतकीच्या गणिताच्या वहीतून तुझा दाढीचा आरसा खाली पडला. माझ्या मुलीच्या वहीतून!

"मोठेबाबांनी दिला," ती घाबरत म्हणाली. तू होतास तेव्हा बारावीचा अवकलज मी तिला सलग चार संध्याकाळी शिकवला होता, सीमेच्या व्याख्येपासून, एकही पायरी न गाळता. ती नुसती मान डोलावत राहिली. त्यानंतरच्या रविवारी मैत्रिणीकडे जाते असे सांगून ती जळगाव जामोदहून एसटीने थेट संग्रामपूरला तुझ्याकडे आली. घरात गणिताचा पीएच.डी. बसलेला असताना! आणि तू मला एका शब्दाने कळवले नाहीस?

मग तिने आलेखातल्या वक्राच्या एका बिंदूवर आरसा उभा धरला. "बघा बाबा, हळूहळू फिरवायचा. वक्र आणि त्याचं प्रतिबिंब न मोडता जुळलं की थांबायचं. आरशाला काटकोनात रेघ मारली की झाली स्पर्शिका! तिचा चढ म्हणजेच तिथला अवकलज."

किती लख्ख समजले होते तिला! आणि मी काय म्हणालो? "हे उत्तर अंदाजे येते." तिने वही मिटली.

तुझ्या वर्गातही मी हेच केले होते. स्पर्शिका वक्राला एकाच ठिकाणी टेकते, असे तू सांगत होतास. मी दारातूनच म्हणालो, "चूक. ती पुढे वक्राला ओलांडूही शकते." सारी मुले तुझ्याकडे पाहू लागली. तू हसलास. "बरोबर हाय तुह्यं. पण पोरायले आधी टेकू तं दे बे, मंग ओलांडतीन."

त्या हसण्यावर मी आजही जळतो. तेरवीला तुझे विद्यार्थी पंगतीत वाढायला उभे होते. माझे विद्यार्थी मला पाहून रस्ता बदलतात. साध्या बी.एस्सी.वर तू हे कसे कमावलेस, दादा? आता भांडायलाही उरला नाहीस.

उद्या सकाळी मी केतकीपुढे आलेखाचा कागद ठेवीन आणि म्हणेन, "मला शिकव." आरसा तिच्याच हातात असेल. रेघ थोडी तिरकी गेली, तरी तिचे होईपर्यंत मी तोंड उघडणार नाही. हे वचन.

तुझा धाकटा,
श्रीधर