रिकामा साचा

१ ऑगस्ट, शुक्रवार

सामान चढवून झालं. उद्यमनगरातल्या एका बंद फाउंड्रीचा वरचा मजला आजपासून माझा. छत पंधरा फूट उंच. छताच्या लोखंडी कैच्या तशाच ठेवून काळ्या रंगवल्यात, जमिनीला लाकडी फळ्या, गल्लीच्या बाजूला भिंतभर काच. मधोमध विटांचा जाड खांब आहे. ते जुन्या भट्टीचं धुराडं. घरमालक राजवर्धन यांनी तो पाडण्याऐवजी पॉलिश केला आणि जाहिरातीत त्याचा फोटो सगळ्यात वर टाकला.

कास्टिंगचे साचे संगणकावर डिझाइन करणं हे माझं काम. लोखंड थंड होताना कुठं आक्रसेल, कुठं पोकळी धरेल, ते आधी सांगायचं. ऑफिसातली तेजस्वी म्हणाली, लोक कामावरून घरी जातात, तू कामावरून कामावर चाललीस.

घर घेण्याचं खरं कारण शांभवी. धाकटीला इथल्या इंजिनिअरिंग कॉलेजात प्रवेश मिळालाय. अप्पांची अट एकच: हॉस्टेल नाही, अक्काजवळ राहणार असेल तर शिकू दे. नाहीतर संकेश्वरचं स्थळ तयार आहे. ती १८ तारखेला येईल. तिची खोली काचेजवळची.

पडदे लावताना मी शिट्टी वाजवत होते, हे नंतर लक्षात आलं.

३ ऑगस्ट, रविवार

अप्पा आणि शांभवी गडहिंग्लजहून घर बघायला आले. अप्पांनी भिंती ठोकून पाहिल्या, खाली कोण राहतं ते विचारलं. कोणी नाही, खालचा हॉल रिकामा आहे, म्हटलं. हे घर हाय का गोडाऊन, एवढंच म्हणाले. म्हणजे पसंत आहे.

शांभवी अनवाणी घरभर नाचली. जेवल्यावर स्वतःच्या खोलीत नुसत्या जमिनीवर आडवी झाली ती पाच वाजता उठली. मला गादी नको अक्का, म्हणाली, हितं खालीच मऊ लागतंय.

७ ऑगस्ट, गुरुवार

शांभवीच्या खोलीत फळ्यांच्या सांध्यांतून काळी वाळू येते. झाडते, पुन्हा येते. छतावरून पडत असेल तर सगळ्या घरात पडायला हवी. फक्त तिथंच आहे.

मूठभर घेऊन दाबली. बोटांचे ठसे धरून तिचा गोळा झाला. म्हणजे ओली आहे, त्यात माती नीट कालवलेली आहे, साचा करायला तयार असते तशी. अकरा वर्षं बंद असलेल्या फाउंड्रीतली वाळू भुकटी असायला हवी.

पावसामुळे ओल आली असेल. गळती शोधली. सापडली नाही.

१० ऑगस्ट, रविवार

वाळूत पावलाचा ठसा.

चालणाऱ्याच्या ठशात टाच खोल जाते, कडा ढासळतात. याच्या कडा धारदार आहेत आणि खोली सगळीकडे सारखी. लाकडी नमुना वाळूत दाबून अलगद उचलावा तसा. मोजला: २२९ मिलिमीटर. माझं पाऊल २४१. डाव्या पायाची करंगळी शेजारच्या बोटावर चढलेली आहे.

शांभवीची चढलेली आहे.

तिला फोन करून पाऊल मोजायला सांगितलं. तिला वाटलं, मी सँडल घेतेय. हील पाहिजे, म्हणाली, आणि अप्पांना सांगू नको. पट्टी लावून हसत हसत सांगितलं: २२७.

ओतलेलं लोखंड थंड होताना शंभराला एक आक्रसतं. म्हणून साचा तेवढा मोठा ठेवतात. २२७ ला २२९ बरोबर येतात.

मी फोन ठेवला आणि तिच्या खोलीचं दार ओढून घेतलं.

१२ ऑगस्ट, मंगळवार

वाळू वीतभर चढलीय. तिच्यात आता दोन्ही टाचा, पोटऱ्या, पाठ. वेणीचा पीळसुद्धा. त्या दुपारी ती जिथं झोपली होती, तिथंच. फावड्यानं उकरून सगळं सपाट केलं. ऑफिसहून आले तर जसंच्या तसं.

समोरच्या जुलेखाभाभींकडे गेले. पहिल्या दिवसापासून त्या खिडकीतून ‘पावणं, जेवलं का?’ म्हणून ओरडतात. त्यांचे शोहर ख्वाजाभाई इथं मोल्डर होते, वाळूचे साचे करायचे; आता हयात नाहीत. काही घडल्याचं न सांगता विचारलं. भाभी म्हणाल्या, एका दुपारी मालकानं कुलूप घातलं तेव्हा साचे करून तयार होते, भट्टीत लोखंडाचा रस होता, आणि एकाही साच्यात तो ओतला गेला नाही. ख्वाजाभाई त्या दिवशी जेवले नाहीत. “साचा केला की भरायचाच, असं सोडून यायचं नसतं, म्हणायचं त्ये. आता साच्याला बस म्हण वाट बघत!” मग माझी हनुवटी धरून म्हणाल्या, “इंजिनेर हाईस, पर त्वांड बघ की. वाळल्याली मिरची!”

अप्पांना सांगता येत नाही. त्यांना नाही म्हणायला कारणच हवंय. शांभवीला सांगितलं तर ती मलाच डॉक्टरकडे नेईल.

साचा भरायचा असेल तर भरू.

१४ ऑगस्ट, गुरुवार

रजा टाकली. कुंभार गल्लीतून प्लास्टर आणून साच्यात ओतलं. तीन वाजता उचललं.

माझ्या बहिणीची झोपलेली पाठ. मानेवरच्या तिळासकट.

हातोड्यानं फोडली. डोक्याचा भाग फोडताना डोळे मिटून घेतले.

१५ ऑगस्ट, शुक्रवार

साचा परत आलाय. आता अधिक खोल. प्लास्टरचे तुकडे दाराबाहेर एकावर एक रचलेले. फाउंड्रीत नापास माल असाच दाराशी रचतात.

हा अर्धाच साचा आहे. खालचा. वरचा अर्धा, चेहऱ्याचा, अजून नाही. त्यासाठी ती इथं यावी लागेल.

१६ ऑगस्ट, शनिवार

राजवर्धनना बोलावून साचा दाखवला. ते हसले. मॅडम, गणपतीच्या सीझनला ऑर्डरी घ्या, चांगला हात आहे, म्हणाले. बोलता बोलता विटांच्या खांबाला टेकले आणि चटकन बाजूला झाले. ऊन लागून तापला असेल, म्हणाले.

दिवसभर पाऊस आहे.

चहा न घेता गेले. जिना उतरताना पळत होते.

१७ ऑगस्ट, रविवार

शांभवीला सांगितलं, येऊ नको, घर गळतंय. तू शब्द दिलतास अक्का, म्हणाली. अप्पांनी फोन घेतला. दुसरी खोली बघते, चार दिवस द्या, म्हणाले मी. मग मंगळवारी संकेश्वरच्या पावण्यांना बोलावतो, म्हणाले ते.

नंतर तिचा मेसेज. सकाळच्या गाडीनं निघतेय. गळक्या घरात छत्री धरून झोपीन, पण येणार.

त्यानंतर फोन उचलत नाही. उद्या स्टँडवरच तिला गाठायचं. लॉजवर राहू. कुठंही राहू.

१८ ऑगस्ट, सोमवार

सकाळ. पिशवी भरली, दार उघडं ठेवलं. जाण्याआधी शेवटचं एकदा उकरून टाकावं म्हणून तिच्या खोलीत गेले. चूक. वाळू घोट्यापर्यंत चढली आणि घट्ट झाली. कोणीतरी धुम्मसानं ठोकावी तशी. पाय हलत नाहीत. फावडं मोडलं. मापं लिहायला ही वही खिशात होती, तेवढीच.

सोमवार. इथल्या कारखान्यांची आठवड्याची सुट्टी. गल्लीत एकही लेथ चालू नाही. ओरडले. काच बंद आहे.

फोन स्वयंपाकघरात वाजतोय. तिसऱ्यांदा. ती असेल. पोचली असेल.

खांबातून घरघर येतेय. विटा खालून तांबूस —

नीट विचार कर. वाळूचा साचा एकदाच वापरता येतो. लोखंड ओतलं की मोडावा लागतो. प्लास्टर त्यानं नाकारलं. पण शांभवी यायच्या आत भरला तर — माणसानं भरला तर — संपला. तिच्यासाठी काही उरणार नाही.

मी तिच्यापेक्षा मोठी आहे. बसणार नाही असं वाटलं होतं.

आडवी झाले. खांद्यांशी वाळू सरकली. जागा करून दिली. पाय सुटले आता, पण पाठ —

काचेतून समोरची खिडकी दिसते. भाभी खाली कुणाला तरी हाक मारतायत. लाल छत्री. शांभवी. भाभींनी तिला आत घ्यावं. चहा द्यावा. वेळ लावावा. घ्या ना आत, भाभी —

छातीवर वाळू. वहीचा हात अजून मोकळा आहे. वरचा अर्धा तयार होतोय. माझ्या मापानं. बरोबर आहे, असंच हवं. लवकर.

दोघी निघाल्या. इकडे. भाभींच्या हातात डबा.

ओरडता येत नाही, तोंडात —

डोक्याकडून, खांबाच्या बाजूनं, उजेड येतोय. रस. लवकर. अजून लवकर. जिन्यावर पावलं. भाभी हसतायत, तीही. अजून भरलेला नाही. थोडा वेळ, शांभवी, तिथंच थांब, मागं फिर, अजून थोडाच —