चक्कीच्या मानेची चरबी

आदरणीय बाउकेमामा,

भाच्याचा वाकून नमस्कार. (वाकूनच लिहितोय, पवनचक्कीच्या माथ्यावरच्या टोपीत ताठ बसता येत नाही.) तुमचा गुडघा, मामींचा खोकला आणि तुमच्या कुत्र्याची भूक ठीक असेलच. भूक तर शनिवारी मी स्वतः पाहिली.

तुमची नोटीस मिळाली. लहानपणी माझं नाक पुसणाऱ्या माणसाने चक्की मंडळाचा अध्यक्ष म्हणून मला 'श्रीयुत हारमेन' म्हणावं, भरून पावलो. शनिवारी गावभर कांदा परतल्याचा वास सुटला, म्हणून चक्कीची किल्ली माझ्याकडून काढून घ्यायची की नाही ते गुरुवारच्या सभेत ठरणार. मला चक्की चालवण्याशिवाय दुसरं काही येत नाही, हे तुम्हीच गावभर सांगत असता, म्हणून पुन्हा लिहीत नाही.

तर त्याचं असं झालं. पात्यांचा आस ज्या दगडावर फिरतो तिथे, आसाच्या मानेला लावायला डुकराची चरबी तुम्हीच दर हिवाळ्यात कढवून, गाळून, राखाडी बरणीत भरून देता. (घरी खायची चरबीही तशाच बरणीत देता आणि दोन्हींवर काही लिहीत नाही. खाटकाला फरक कळतो, असं आपलं म्हणणं.) चक्कीची बरणी मी वर टोपीत ठेवतो. जागा थंड आणि अंधारी, त्यामुळे चरबी खवट होत नाही. पण सध्या आमच्याकडे सासूबाई मुक्कामाला आहेत. महिनाभरासाठी म्हणून आल्या. कुठल्या सालचा महिना ते विचारायचं राहून गेलं. त्यांनी ती बरणी पाहिली आणि त्यांचा जीव कळवळला. "जावईबापू, लाकडाला चरबी चोपडता, आणि आम्ही काय पाव कोरडा गिळायचा?" असं म्हणून त्यांनी ती खाली तळघरात नेली आणि घरच्या बरणीला खेटून ठेवली. घरच्या बरणीत त्यांनी आधीच सफरचंद, कांदा आणि सढळ हाताने मीठ घालून ठेवलं होतं.

शनिवारी वारा झकास होता. घाईत मी तळघरातून बरणी उचलली, वर नेली आणि अंधारात मानेला चोपडली. मिठाने घासून थोड्या वेळात मान तापली, कांदा तांबूस झाला. खाली बेकरीवाली पाव घेऊन हजर, आणि तुमचा कुत्रा शिडीच्या पायथ्याशी शेपूट हलवत बसलेला. खरं सांगतो मामा, सगळं जुनं लाकूड, एक ठिणगी पुरली असती. ब्रेक ओढला, मान पुसून काढली, निवेपर्यंत तिथेच बसलो. कांद्याचा वास आला नसता तर मला वेळेत कळलंही नसतं. तेव्हा सभेत माझ्याऐवजी कांद्याचे आभार मानलेत तरी चालेल.

मामींना नमस्कार.

आपला आज्ञाधारक,
हारमेन

ता. क. नोटिशीच्या पाठीमागे (कागद वाया घालवायचा नाही, ही आपली शिकवण) रविवारच्या चरबीची कृती विचारली आहेत. मामींच्या वाढदिवसाला सासूबाईंनी आणली होती ती. तुम्ही पावाला थापून थापून खाल्लीत आणि म्हणालात, "व्वा विहीणबाई, मिरी काय सुरेख लागलीय!"

ता. क. दुसरा. सासूबाई चष्मा त्यांच्या घरीच विसरून आल्या होत्या. शनिवारी मी एक बरणी वर नेल्यावर तळघरात कुठली उरली, हे खाटकाला सांगायला नको. ते काळे कण मिरीचे नव्हेत. आसाची मान पुसलेला ब्रश मी वर्षभर त्याच बरणीत बुडवतो.

ता. क. तिसरा. कृती सुवाच्य अक्षरात लिहून गुरुवारी खिशातून आणतो. किल्लीही त्याच खिशात असेल. दोन्ही तिथेच राहाव्यात, एवढीच आपल्या चरणी प्रार्थना.